दाणा

एकतीस वर्षं मी साखर शिजवली
सेंट अँड्र्यूच्या कारखान्यात, बंद कढईपाशी.
पितळी सळईनं पाकाचा थेंब ओढायचा,
काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा
आणि वाट पाहायची, दाणा कधी धरतोय याची.
घाई केली तर पीठ. उशीर केला तर ढेकळं.
मॅनेजर बदलत गेले, "आता, सोडा"
हे मात्र मीच म्हणायचो.

आज ब्रिजटाउनच्या दवाखान्यात उताणा पडलोय.
डॉक्टर ॲलीन, माझ्या धाकटीच्या वयाची,
पापण्यांत तारेचा चिमटा बसवते.
"मिस्टर ग्रीनिज, वर, डावीकडे, पंख्याकडे बघा."
पंख्याला पाती किती, ते दोन महिने सांगता आलेलं नाही.
पडद्यावर सूज आहे, बरोब्बर मधोमध.
डॉमिनोचे ठिपके एकमेकांत विरघळतात.
मार्व्हा समोर बसली की
तिचे कान दिसतात, कानातले खडे दिसतात,
चेहऱ्याच्या जागी मळी सांडलेली.

टोचलं म्हणावं असं काही नाही.
कुणी अंगठ्यानं दाबावं तसं,
आणि मग

दाणा धरला.

पांढरे कण, शेकडो, धुरकट उजेडात
गरगरणारे, एकमेकांना चुकवणारे.
उठून बसलो तर हळूहळू वर चढायला लागले.
ती म्हणाली, औषध खाली बसतंय,
डोळ्याला ते उलटं दिसतं.
स्टेरॉइड आहे.
मी म्हटलं, फार बारीक आहे, पोरी.
आणखी पाच मिनिटं शिजवायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दाब मोजला. अठ्ठावीस.
"चढलाय," ती म्हणाली, जपून.
दाबाचं मला काय सांगतेस!
काटा लाल पट्ट्यात गेला की कुठली चावी सोडायची
हे मला झोपेतही कळायचं.
इथली चावी म्हणजे इवलीशी बाटली,
रोज रात्री एक थेंब.
मोतीबिंदूही लवकर येईल, सांगून ठेवलंय.
औषध तीन-चार महिने पुरेल,
मग पुन्हा पंखा.

कारखान्याची चिमणी भंगारात गेली.
माझ्या कढईत कुणीतरी शेळ्यांना पाणी पाजतं म्हणे.
मी बघायला गेलो नाही.

थेंब मार्व्हा घालते, माझा हात हलतो.
काल ती बाटली घेऊन वाकली
आणि तिच्या डाव्या भुवईत
एक पांढरा केस दिसला, एकच, ताठ.
विचारलं, हा कधीचा?

"हलू नकोस," म्हणाली.