बारावा बिंदू

मे महिन्यात आमच्या धंतोलीच्या कचेरीत
कूलरच्या खसाला शेवाळाचा वास येतो
आणि फायली हाताला कोमट लागतात.

त्या फायलीवर पत्र टाचलेलं होतं:
‘आरोपीने गुन्हा कबूल केला आहे.
अभिप्राय तातडीने कळवावा.’
टाचणी गंजलेली. तेवढी मी काढून टाकली.

भिंगाखाली खिडकीच्या काचेवरचा अंगठा,
अर्धा, घसरलेला, धुळीतला.
शेजारी शाईतला, पूर्ण,
तुळशीदास बारापात्रेचा,
इतवारीत सायकली दुरुस्त करायचा तो.
अकरा बिंदू जुळले.
(आज म्हणते अकरा. तेव्हा तरी होते का?)
बारावा पाहिजे होता.

चहा प्यायले. परत बसले.
आणि होता की तिथेच,
रेघेला फुटलेला बारीक फाटा,
सकाळपासून माझी वाट पाहत असल्यासारखा.

खोटं नाही लिहिलं मी.
कुणाला सांगितलं की विचारतात,
दबाव होता? पैसे होते?
नव्हते हो. साधा फोनही नव्हता.
नुसतं एक वाक्य होतं,
अन् ते वाचल्यावर माझे डोळे
त्याच्या घरी नांदायला गेले.

नऊ वर्षांनी तोच अंगठा,
पत्र काढून, नाव झाकून,
प्रणोती गेडामपुढे ठेवला.
तिनं दुपारभर पाहिलं,
डबा खाल्ला, पुन्हा पाहिलं.
‘सात,’ म्हणाली. ‘बाकी फरफट आहे, मॅडम.
अन् हा फाटा नोहे. धूळ होय.’

मी वाकले भिंगावर.
मला फाटाच दिसून राहिला होता.
डोळे मिटले, उघडले,
काच पुसली, दिवा फिरवला.
फाटाच.

बारापात्रे तोवर सुटून आला होता, शिक्षा भोगून.
दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात.
कोर्टाला अर्ज लिहिला आहे मी,
तीनदा खोडून, ‘चूक’ हा शब्द
कुठल्या ओळीत बसवावा ते न कळून.

हल्ली पत्रं झाडेबाबूंच्या कपाटात राहतात.
मला फक्त ठसे मिळतात, क्रमांक घातलेले.
झाडेबाबू हसतात,
‘या वयात आंधळी कोशिंबीर काऊन खेळता, मॅडम?’

संध्याकाळी निघताना
हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही.
उन्हानं रेघा झिजल्या असतील.
पुन्हा ठेवते. लाल दिवा.
पुन्हा.
मागून झाडेबाबू ओरडतात,
‘जोरात दाबा नं, मॅडम!
तुमचाच तर होय!’