पाठ

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही नऊजणी.
पुढ्यात कात्र्या, लेसचे तुकडे, सोनेरी अक्षरांची पाकिटं,
आणि वर्षानुवर्षं खोक्यांत कोंबलेली माणसं.
शिकवते जॅनालिन, माझ्या मुलीच्या वयाची.
म्हणते, पानावर एकच फोटो मोठा असू द्या,
बाकीचे त्याच्या आसऱ्याला.
म्हणते, चेहरे पानाच्या आत वळवा,
बाहेर बघणारं माणूस
आपली नजरही सोबत घेऊन जातं.

माझं खोकं बुटांचं.
आई जाऊन अकरा हिवाळे झाले, तेव्हापासून दोरीत बांधलेलं.
पहिला फोटो उचलला, गोंद लावायला उलटा केला.
पाठीवर ना नाव, ना साल.
शिसपेन्सिलीत, तिच्या कोंबड्यांच्या नखांसारख्या अक्षरात :
टर्की सातशे बारा. पौंडाला एकवीस सेंट.

दुसरा. माझं नाव ठेवलं त्या दिवशीचा,
पांढऱ्या झबल्यात मी, शेजारी बाबा, कडक कॉलरमध्ये घुसमटलेले.
मागे : धान्यवाल्याचे अठ्ठेचाळीस बाकी. मेपर्यंत थांब म्हटलं.
तिसरा. आजोळचे सगळे, सतरा डोकी, एक कुत्रा.
मागे : रात्री पाऊस. चौतीस पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरली.

कागद वाया घालवणं थोरा योर्गेन्सनला माहीत नव्हतं.
आमचे हसरे चेहरे
तिच्या लेखी बऱ्यापैकी कोरी पाठ.

जॅनालिन म्हणाली, हा गोंद घ्या, आम्ल नसलेला,
शंभर वर्षं सुटायचा नाही.
माझा हात तिथेच थांबला.
शंभर वर्षं ते एकवीस सेंट
गुलाबी कागदाला तोंड लावून बसणार?

मग रेल्डनचा सापडला.
गणवेश नवा, कान उघडे पडलेले, ट्रकला टेकलेला,
आणि बघतोय डावीकडे, फोटोच्या बाहेर.
मागे एकच ओळ :
आज माल काढला नाही.

नोव्हेंबर होता. सणाच्या आधीचा आठवडा,
सगळ्या सॅनपीट खोऱ्यात पिसं उडत होती,
आणि आमचं अंगण गप्प.
मी नऊ वर्षांची. मला वाटलेलं, गाडी बिघडली.
(तो परत आला. प्रोव्होला टायर विकत म्हातारा झाला.
पण ते पुढच्या पानावर.)

घरी जाऊन कपाट उपसलं.
पिल्लांच्या खाद्याच्या पोत्याचं कापड, निळ्या फुलांचं,
आई त्याचे आमचे झगे शिवायची.
पट्ट्या कापल्या, फोटोंना एका बाजूने बिजागरी केली.
आता प्रत्येक फोटो दारासारखा उघडतो.
नात उघडून बघते, मिटते, पुन्हा उघडते.
विचारते, पौंड म्हणजे ह्या माणसांचं वजन का गं?

जॅनालिनने पान लांब धरून पाहिलं.
छान आहे, म्हणाली, फक्त ह्याला उजवीकडे घ्या,
म्हणजे तो आत बघेल.
राहू दे, म्हटलं. तिकडे रस्ता आहे.

शीर्षकाला सोनेरी अक्षरं पुरली नाहीत.
ती जागा तशीच सोडली.
पान उलटं केलं, आणि शिसपेन्सिलीने लिहिलं :
गोंद चार डॉलर, परत केला.
कापड घरचंच.
बाहेर बर्फ. रेल्डन बाहेर बघतोय.