बोली

दर बुधवारी चार वाजता
सून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते,
नातवाला दटावते, कुकर बंद करते,
आणि मी खिडकीत येतो.
खिडक्या एकूण अकरा.
माझ्या खिडकीखाली नाव : 'ललिताचा फोन'.
बरंच आहे.
माझ्या आधीची तीन गेली
म्हणून आईनं मला उखर्डू म्हटलं,
यमानं उकिरड्याकडे बघून नाक मुरडावं, पुढं जावं.
साठ वर्षं गेला पुढं.
मग कुणीतरी पत्ता दिला.

चोपड्याच्या मार्केट यार्डात मी लिलाव पुकारायचो.
दादर, मका, हरभरा.
या ढिगावरून त्या ढिगावर पाय टाकत
एका दमात सोळा बोल्या,
व्यापाऱ्याची नुसती भुवई हलली
तरी पाच रुपये चढवायचे.
घसा बसला तर खडीसाखर,
नाही बसला तर पुडी.
आता तिथं एक भोक आहे, नाण्याएवढं,
वर पातळ कापडाची पट्टी.
हरभऱ्याचा भुसा थेट आत उतरतो,
म्हणून यार्डाच्या रस्त्यानं मी जात नाही.
म्हणून, आणि दुसऱ्या कुणाचा पुकारा ऐकू येतो म्हणून.

या वर्गात सगळेच म्यूट.
मला हे फार आवडलं.

पालची हुरमत तडवी रेंजसाठी टाकीच्या कठड्यावर बसते,
मागं सातपुडा, मध्येच एखादी शेळी.
फैजपूरच्या भंगाळेबाई
केमोच्या आठवड्यात फक्त छत दाखवतात.
पंखा फिरताना दिसतो, म्हणजे बाई आहेत.
धरणगावचा पोरगा कॅमेरा लावतच नाही.
काळा चौकोन, खाली नाव. तोही आहे.

पुण्याच्या शाल्मली मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या,
डोळे अलगद मिटा,
नाकपुड्यांपाशी श्वासाचा गारवा जाणवतोय का, बघा.
मी बघितलं.
तिथं कुणी नव्हतं.
कुलूप लावून माणसं गावाला गेलेलं घर.
एप्रिलचा वारा मधल्या मध्ये
गळ्यातून सरळ छातीत,
आणि मी दहा मिनिटं त्या कुलपासमोर उभा.

मग एका बोटानं चॅटमध्ये लिहिलं :
मॅडम, मना श्वास नाकमाईन येत नही.
गळामाईन येस.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं,
'माईन'वर अडखळत, पुन्हा मागं येत.
चौदा महिन्यांनी माझं वाक्य
अकरा घरांत ऐकू गेलं.
भंगाळेबाईंचं छत हललं, फोन उचलला असावा.
मॅडम गप्प राहिल्या, इतक्या
की मला वाटलं लाइट गेली.
माफी मागितली असती तर मी उठलो असतो.
मागितली नाही.

पुढच्या बुधवारी म्हणाल्या,
श्वास जिथून येत असेल,
तिथं.

एवढंच. 'नाक' शब्द पुन्हा त्या वर्गात आला नाही.
मी पट्टीवर तळवा धरला.
जाताना ऊन, येताना त्याहून ऊन,
पण येत होता,
उधारीला कंटाळलेल्या गिऱ्हाइकासारखा कुरकुरत,
रोजच्याच दुकानी.

बरं वाटतं का, सून विचारते.
बरं वाटत नाही.
रिपोर्ट सोमवारी यायचा तो सोमवारीच येतो,
रात्री तीनला मी जागाच असतो.
पण तीनला आता एक काम असतं.

मॅडम सांगतात, श्वास दहापर्यंत मोजा.
मला दहाची सवय नाही.
मी माझ्या पद्धतीनं मोजतो,
अंधारात, ओठ हलवत, बिनआवाजाचा :
एक वार...
दोन वार...

तिसऱ्याला थांबतो.
ढिगावर पाय तसाच,
इकडं तिकडं बघतो,
कुणाची भुवई हलतेय का.
आणि पुन्हा एकपासून.