उसगाळीमळ

तिकीटखिडकी नाही. गंजलेली पाटी,
खाली कुशावती, आणि तापलेला जांभा.
"बघायचं काय इथं?" वहिनी म्हणाल्या.

झिलू वेळीपनं बाटलीचं बूच काढलं,
कातळावर पाणी ओतलं.
आधी शिंग आलं,
मग वशिंड,
मग अख्खा बैल, आत्ताच नदीतून वर आल्यासारखा.

मोबाईल निघेतो वाळला.

"आमचीं गोरवां हांगाच बसतालीं,"
झिलू म्हणाला, "ह्याच्याच पाठीवर."

पुढच्या चकव्यात मी बोट घातलं.
वळणं मोजायची राहिली.
मधोमध पोचलो तर तिथं मुंगी,
माझ्याआधीची.

पाणी संपलं.
रिकामी बाटली घेऊन झिलू नदीकडे उतरला.
आम्ही पाच जण
कोऱ्या कातळावर उभे,
चपला हातात, पाय भाजत,
कुणाच्या अंगावर उभे आहोत
ते न कळून.