थर्ड बेसचा माणूस

लागलो तेव्हा तासाला साठ रुपये होते,
आता दीडशे. मे महिन्यात शून्य.
कुरापाटी सरांचं नाव जिमखान्याच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत,
माझं, स्टोअररूमच्या चावीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर:
म्याकल, सहायक. पेनाने.

फक्की मी मारतो.
पहाटे साडेपाचला, दोरी ताणून,
होम प्लेटपासून दोन रेषा.
नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं सोलापुरात,
मैदानावर कोण शिंपडणार?
धुळीवर चुना धरत नाही. दहापर्यंत
अर्धी रेषा पोरींच्या बुटांना लागून गेलेली असते.

वडील अशोक चौकात चार मागांवर.
त्या खटखटीत कुणी बोलत नसे.
तर्जनी वाकवली की कांडी संपली,
कानाची पाळी धरली की मालक आला,
छातीवरून तळहात फिरवला की चहा.
डबा घेऊन दारात उभा राहायचो मी,
ही भाषा तिथे शिकलो,
तेलुगूच्या जरा नंतर, मराठीच्या बऱ्याच आधी.

म्हणून थर्ड बेसच्या चौकटीत पहिल्यांदा उभा राहिलो
तेव्हा नवीन काही शिकावं लागलं नाही.
टोपीचा काठ: थाप आहे, लक्ष देऊ नको.
कोपर: आता खरं बोलतोय.
कोपरानंतर पट्टा: पळ.
छातीवरून तळहात: बोललो ते सगळं पुसलं.
पुण्याचा संघ सात इनिंग डोळे फोडून बघत बसला.
त्यांना काय माहीत, आमच्या घरी याला चहा म्हणतात.

तीनदा जाहिरात निघाली, पूर्ण वेळ, एक पद.
एकदा बिंदुनामावली बदलली, एकदा वय गेलं,
एकदा नुसतंच कळवू म्हणाले.
दोन चेंडू मात्र दर वर्षी मिळत. उसवले की
अम्मा बिड्यांचं सूप बाजूला सारून दाभण घेई.
एकशे आठ टाके असतात, मी सांगितलं.
जपमाळ आहे का बे ही, म्हणाली, आणि शहाण्णवात भागवलं.
तो चेंडू भलतीकडेच वळायचा.
आमच्या पिचरला त्याचीच सवय,
नवा कोरा हातात आला की गोंधळायची.

लोक विचारतात तो फोटो
कपाटाच्या काचेआड आहे, कात्रण, पिवळं पडलेलं.
विद्यापीठाची फायनल, बरोबरी, दोन आऊट,
फरझाना बागवान थर्ड ओलांडून होमकडे सुटलेली,
तिच्यामागे मी, दोन्ही हात आभाळात.
कुरापाटी सर निवृत्त होईपर्यंत
दर जूनला नव्या पोरींना दाखवायचे:
बघा, याला म्हणतात विश्वास. चेंडू अजून हवेत,
आणि आमचा म्याकल जिंकलासुद्धा.

दोन्ही हात वर म्हणजे थांब.
थांब, फेक सरळ येतेय,
थांब गं बये.

ती थांबली नाही. धूळ उडाली,
पंचाचे हात आडवे झाले, सेफ.
सगळ्या धावत आल्या माझ्याकडे.
आता हात खाली घेणं
बरं दिसलं नसतं.

सोळा वर्षं.
या जूनपासून फरझाना मुख्य प्रशिक्षक,
म्हणजे मी तिचाही सहायक.
परवा फक्की मारत होतो, तर दोरीचं दुसरं टोक धरून
उकिडवी बसली. रेषेकडे बघत म्हणाली,
सर, त्या दिवशी तुमचे हात मला दिसले होते.

मी चुन्याची बादली खाली ठेवली.
काय बोलावं कळेना.

तिनं टोपीला हात लावला नाही,
कोपराला नाही, पट्ट्याला नाही.
छातीवरून तळहात फिरवला फक्त.

कँटीन उघडायला अजून तास होता.
तरी दोरी गुंडाळली, आणि निघालो.