नाझमिये समुद्रात उतरते

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, खोली निम्म्या दरात,
म्हणून आले. खोटं कशाला सांगू?
दात्चाच्या स्टँडवर उतरले तेव्हा
ऊन असं लख्ख,
की पिशवीतला स्वेटर मलाच हसला.

वेशीवरच्या फलकावर हसरा सूर्य,
काळा चष्मा लावलेला.
सूर्याला चष्मा! कोणाच्या उन्हापासून?

लॉजमध्ये खोल्या अकरा.
दहांच्या किल्ल्या फळीवर खिळ्यांना टांगलेल्या,
अकरावी माझ्या मुठीत.
नाझमियेबाई गच्चीवर गाद्या झोडपत होत्या,
वेताच्या काठीनं, दातओठ खाऊन,
जणू अख्ख्या उन्हाळ्याचे पाहुणे
अजून आतच दडून बसलेत.

खाली वाळूत रुस्तेम
आरामखुर्च्या एकावर एक रचत होता.
काल चाळीस होत्या, आज एकवीस.
मला मोजायची खोड आहे.
तीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले,
हात थांबले तरी डोळे थांबत नाहीत.
एक खुर्ची तो माझ्यासाठी ठेवायचा.
छत्रीचे पैसे नकोत, खुणेनं म्हणायचा,
फाटकी आहे.
फाटक्यातून ऊन माझ्या मांडीवर
चवलीएवढं पडायचं,
सरकत गुडघ्यापाशी पोचायचं
तोवर दुपार संपलेली.

एकदा नाझमियेला विचारलं,
समुद्राकडे बोट, मग तिच्याकडे,
मग हवेत चार हात मारून:
तुम्ही कधी जात नाही का?
ती म्हणाली, "फिर्सात ओल्मादी."
मला ऐकू आलं, फुरसत झाली नाही.
तिच्या भाचीनं फोनमध्ये अर्थ शोधून दाखवला:
संधी. संधी मिळाली नाही.
मी म्हटलं, राहू दे, कळलं मला.

मेपासून चादरी, टोमॅटो, ऑलिव्हच्या बरण्या,
तुंबलेली मोरी,
कुणा जर्मन म्हाताऱ्याची हरवलेली कवळी,
जी मिळाली जुलैत, बोगनवेलीच्या कुंडीत.
समुद्र दारापासून साठ पावलं.
(मोजली. सांगितलं ना, खोड आहे.)
ती चालायला तिला सहा महिने लागतात.

मग गुरुवारी शेवटची गादी आत गेली
आणि ती निघाली.
फुलाफुलांची ढगळ सलवार, वर ब्लाउज,
डोक्याला पिवळा रुमाल तसाच.
पाहुणे अंगठा बुडवून आधी थंडी चाखतात,
हिनं तसलं काही केलं नाही.
स्वयंपाकघरात शिरावं तशी शिरली पाण्यात.
रुस्तेमनं पाठ फिरवली,
डोंगराकडे तोंड करून सिगारेट पेटवली,
आणि विझेपर्यंत डोंगरच बघत राहिला.

गळाभर पाण्यातून ती ओरडली, "गेल!"
मी दचकले. काय गेलं? कोण गेलं?
त्यांच्यात गेल म्हणजे ये.

मला पोहता येत नाही.
घोटे भिजले, मग पोटऱ्या,
मग कुर्ता गुडघ्यांना चिकटला, तिथे उभी राहिले.
ती पाठीवर पडलेली, डोळे मिटून,
दोन्ही हात सैल सोडलेले,
सलवारीत हवा भरून फुगा झालेला.
समोर सिमी बेट, दुसऱ्या देशाचं,
आणि दोन्ही देशांच्या मधोमध
तिचा पिवळा रुमाल वरखाली, वरखाली.
किती वेळ?
नाही मोजला.

सकाळी मिनिबसनं खाली दोनदा हॉर्न दिला.
अकरावी किल्ली खिळ्याला लावली,
ती जरा वेळ हलत राहिली.
जिने, ओसरी, सगळं फिनेलनं पुसलेलं,
खुर्च्या उलट्या टेबलांवर,
फक्त दारातून वर जाणारी तिची पावलं
मिठाची, पांढरट, अर्धीमुर्धी,
तेवढी तिनं पुसली नव्हती.
मी बॅग उचलून
कडेकडेनं उतरले.