माया

हो, बोलतेय. फोर्तुने बेनायून.
वय एकोणऐंशी. ऐंशीच लिही, काय फरक पडतो.
व्हिलुर्बान, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
धंदा शिवणकाम, आता फक्त ओळखीच्यांचं.

अकरावा प्रश्न पुन्हा वाच बघू.
"गेल्या पाच वर्षांत ज्यूंविषयीचा द्वेष
वाढला, घटला, तितकाच आहे, की सांगता येत नाही?"

थांब हं. तोंडात टाचण्या आहेत.

वाढ मोजायची तर आधी मूळ माप हवं.
कुणाकडे आहे ते?
अल्जेरियात, कॉन्स्टंटीनला, मी सात वर्षांची असताना
बाकावरच्या मैत्रिणीनं माझ्या केसांत बोटं घातली,
शिंगं कुठे आहेत ते बघायला.
सापडली नाहीत म्हणून तीच हिरमुसली.
मग दोघींनी मिळून एक संत्रं खाल्लं.
हे कुठल्या रकान्यात बसतं?

बासष्ट साली बोटीनं इथे आलो.
माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक घासाघीस करताना म्हणालं,
"असं ज्यूसारखं करू नका हो."
आणि मी पन्नास सँतीम कमी केले.
ते अजून हिशेबात येतात माझ्या.

आता एलिओर. माझा नातू, सोळाचा.
पिझ्झा मागवताना ॲपवर आडनाव 'बेन्वा' लिहितो.
बेनायूनला दोन टाके घातले की बेन्वा होतं.
दारात आलेल्या माणसाला कळत नाही,
शिवण आतल्या बाजूला असते.
शाळेच्या फाटकाशी सैनिक उभा, खांद्याला बंदूक,
पोरं त्याला नावानं हाक मारतात.
"आजी, हे नॉर्मल आहे," एलिओर म्हणतो.
मला बंदुकीपेक्षा तो शब्द लागला.

शेजारचे मस्ये फेराझ भला माणूस. बल्ब बदलून देतात.
परवा शिडीवरूनच म्हणाले,
"तुम्हाला कसली चिंता, तुमची माणसं तर सगळीकडे आहेत!"
मी खाली शिडी धरून उभी.
धरूनच ठेवली.

आणि औषधाच्या दुकानातली ती मुलगी.
युद्ध सुरू झाल्यापासून विचारते, "तुमचं काय म्हणणं?"
मी खोकल्याचं औषध घ्यायला गेलेली.
तिकडची मेलेली मुलं मलाही झोपू देत नाहीत,
पण सिरपच्या बाटलीसाठी ते आधी सिद्ध करायचं?

तुला शिवणातलं काही कळतं का रे?
शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडतात.
बाहेरून दिसत नाही. त्याला माया म्हणतात.
अंग भरलं, पोर वाढलं,
की टीप उसवायची आणि मायेतून द्यायचं.
हल्लीच्या तयार कपड्यांत माया सोडतच नाहीत.
कडेनं शिवतात, अगदी कडेनं,
जरा हात वर केला की टरकतं.

द्वेष वाढला, की माया संपली?
हा पर्याय नाही तुझ्याकडे.

गेल्या महिन्यात एलिओरच्या शर्टाला
आतून चोरखिसा लावून दिला,
गळ्यातला तारा ठेवायला.
सुरेख बसला. टीप शोधून सापडणार नाही.
साठ वर्षं लोकांचे कपडे सैल करत आले मी,
आणि हा खिसा...
नाही रे, रडत नाही. टाचणी टोचली.

लिही, 'सांगता येत नाही'.
नको, थांब. सांगता येत नाही कसं?
आत्ता इतका वेळ काय करत होते?
आणि आडनाव पूर्ण लिही हं, मधला 'या' गाळू नकोस.

काय? नाव लागतच नाही?
निनावी असतं सगळं?

बरं.

ठेवते मग. त्याची पँट मांडीवर पडलीय.
सप्टेंबरपासून चार बोटं वाढलाय.
खाली दुमडलेलं सगळं कापड सोडावं लागेल.
तरी पुरेल असं वाटत नाही.